कमरेवरचा वळ

बारामती-इंदापूरकडे नीरेच्या पाटाखाली उन्हातान्हात राबलेल्या जुन्या माणसांच्या कमरेवर एक काळपट वळ आढळतो. पुरुषांना तो धोतराचा, बायकांना लुगड्याच्या गाठीचा. खाज सुटली की 'नायटा' म्हणायचे, पांढरे पडले की 'कोड' म्हणायचे, आणि गाठ पुन्हा आवळून कामाला लागायचे, ही आपली रीत.

या क्षुल्लक खुणेची दखल वैद्यकाने घेतली ती मुंबईत. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींतून उद्भवणारे तीन कर्करोग त्यात वर्णिले होते: चुट्ट्याचा, खैनीचा आणि धोतराचा. काश्मिरी कांगडीचा कर्करोग डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. पण तेथे निखारा होता. धोतरात ना निखारा, ना तंबाखू. होते ते केवळ वर्षानुवर्षांचे घासणे!

लुगड्याची कथा निराळी नाही. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ साली अशाच स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील एकीने चाळीस वर्षे लुगडे घट्ट नेसले होते. कमरेवरची जखम तिने दोन वर्षे सोसली. तोवर रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

मग ओळखावे कसे? नायट्याची कड गोलाकार पसरते आणि योग्य औषधाने तो ओसरतो. कोडात रंग जातो, पण कातडी शाबूत राहते. कुष्ठाचा चट्टा बहुधा बधिर असतो. आवळण्याने पडलेला साधा वळ गाठ सैल केली की निवतो. पण महिनाभरात न भरणारी, कठीण, उचललेल्या कडेची, हात लागताच रक्त येणारी जखम दिसली, तर वाट पाहू नये. आरंभीचा कर्करोग मात्र कधीकधी हुबेहूब नायट्यासारखा खवलेदार दिसतो. तेथे जाणत्याचाही डोळा फसतो. कातडीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजेच खरा निकाल लागतो. वेळेवर कापून काढल्यास हा रोग बहुधा बरा होतो.

बहुतेक वळ निरुपद्रवीच असतात. पण कमर झाकलेली, आणि ती दाखवायला आपल्या आयाबायांना संकोच. खानोलकरांनी जे पाहिले ते कपड्याखालचे होते. आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारावे: "गाठीखालची ती जखम कधीची?"