पाचर उपटणारे माकड

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे भगिनींनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा चांदबिबी असावी. मी मात्र एका माकडाचा इतिहास लिहावयास बसले आहे.

लहानपणी नगरच्या आमच्या घरी पंचतंत्राचे एक फाटके सचित्र पुस्तक होते. देवालयाचे काम चाललेले, सुतार जेवावयास गेलेले, अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर ठोकलेली, आणि माकड ओंडक्यावर बसून दोन्ही हातांनी ती ओढते आहे! पुढे काय होणार हे आम्हां मुलांना पाठ होते. ठाऊक नव्हते ते एकट्या माकडाला. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून पान उलटावेसे वाटत नसे.

हे माकड फार हिंडलेले आहे. सहाव्या शतकात ते इराणात गेले, आठव्यात अरबीत. तिथे त्याची शेपटी चिरेत सापडते आणि वर परतलेला सुतार त्याला बदडतो. मूळ संस्कृतात सापडते ते शेपटीहून नाजूक अंग, आणि माकड प्राणासही मुकते. मुलांच्या पुस्तकांनी शेपटीवर भागविले, हे बरेच केले म्हणायचे. ज्या अकबराची फौज १५९५ साली चांदबिबीवर चालून आली, त्याच्याच सांगण्यावरून अबुल फजलने १५८८ साली या कथा फारसीत नव्याने लिहिल्या होत्या. मराठीत ‘पंचोपाख्यान’ मुंबईस छापले गेले ते १८२२ साली.

पण मला सर्वांत गंमत वाटते ती पट्टदकलची. बदामीजवळच्या या गावी चालुक्यांच्या काळातील देवळे आहेत. त्यांतले सर्वांत मोठे लोकमहादेवी राणीने बांधविले. तेथील दगडांवर पंचतंत्रातल्या गोष्टी कोरल्या आहेत आणि त्यांत हे खोडकर माकडही आहे. देवळाच्या कामात ज्याने लुडबूड केली, त्यालाच देवळावर जागा मिळाली!

या माकडाशी माझे थोडे घरचे नाते आहे. मंडळात प्रथम नाव घातले तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, नसत्या उठाठेवी कशाला? त्या पाचरीच्या माकडाची गोष्ट ठाऊक आहे ना?” मी गप्प बसले. त्यांचा राग आला नाही, पण ते वाक्य बरेच दिवस सलत राहिले.

पुढे मूळ गोष्ट नीट वाचली. ती करटक कोल्हा दमनकाला सांगतो. आपण चाकर, राजाच्या भानगडीत पडू नये, असे त्याचे म्हणणे. दमनक ते सारे ऐकून घेतो आणि तरीही सिंहाकडे जातोच. त्याने पुढे लावालावी करून बैलाचा घात केला, ते वाईटच. त्याचा कैवार मी घेणार नाही. पण तो करटकाचे ऐकून घरी बसता, तर पहिले तंत्र तिथेच संपले असते.

परवा नातीसाठी नवे पुस्तक आणले. त्यातही चित्रकाराने पाचर निघण्यापूर्वीचाच क्षण घेतला आहे. नातीने माकडाच्या नाकावर बोट ठेवले आणि म्हणाली, “आजी, ओढू दे ना त्याला!”