वेबसेवेची विश्वासार्हता कशी जोखावी?

वीजबिल, रेल्वे आरक्षण, बँकेचे व्यवहार, महाविद्यालयीन प्रवेश अशी नित्याची कामे आता वेबसेवांवर विसंबून आहेत. अशा सेवेच्या दर्जाविषयी बोलताना कंपन्या बहुधा एकच आकडा पुढे करतात, तो म्हणजे उपलब्धतेची टक्केवारी. एकूण काळापैकी किती काळ सेवा चालू होती, याचे हे प्रमाण होय.

टक्केवारीत किरकोळ भासणारा फरक प्रत्यक्ष काळात मोठा असतो. ९९ टक्के उपलब्ध असणारी सेवा वर्षातून साडेतीन दिवसांहून अधिक, ९९.९ टक्क्यांची सुमारे पावणेनऊ तास, तर ९९.९९ टक्क्यांची सुमारे ५३ मिनिटे बंद राहू शकते. हे पावणेनऊ तास वर्षभर विखुरले, तर कोणाच्या ध्यानीही येणार नाहीत. मात्र अर्जाच्या अखेरच्या दिवशीच ते एकत्र आले, तर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. म्हणून सेवा किती काळ बंद होती, याबरोबरच ती केव्हा बंद होती, हेही पाहणे अगत्याचे ठरते.

दुसरा निकष साखळीचा. पैसे भरण्याच्या एका व्यवहारात संकेतस्थळ, बँक, ओटीपीचा संदेश असे अनेक दुवे असतात. प्रत्येकी ९९.९ टक्के उपलब्ध असलेले पाच स्वतंत्र दुवे एकाच वेळी चालू असावे लागत असतील, तर संपूर्ण व्यवहाराची उपलब्धता सुमारे ९९.५ टक्क्यांवर येते. याचा अर्थ वर्षाकाठी जवळपास ४४ तासांचा खंड.

वेगाच्या बाबतीत सरासरी फसवी असते. शंभरपैकी ९५ जणांना एका सेकंदात आणि पाच जणांना २१ सेकंदांनी प्रतिसाद मिळाला, तरी सरासरी दोनच सेकंद भरते. त्या पाच जणांची अडचण कळावी, यासाठी तज्ज्ञ सरासरीऐवजी ९५ वे किंवा ९९ वे शतमक तपासतात.

मोजमाप कोण करते, हेही महत्त्वाचे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील अ‍ॅमेझॉनची 'एस३' ही साठवणसेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली. देखभालीच्या वेळी एक आज्ञा चुकीची टाइप झाल्याने ठरवल्यापेक्षा अधिक सर्व्हर काढले गेले होते. सेवांची स्थिती दर्शविणारा फलक अद्ययावत करण्याची यंत्रणाही याच साठवणसेवेवर अवलंबून होती. परिणामी सुरुवातीचे सुमारे दोन तास फलकावरील एकेका सेवेची स्थिती अद्ययावत करता आली नाही. मोजणारी यंत्रणा सेवेपासून स्वतंत्र का असावी, हे या घटनेने दाखवून दिले.

संस्थेसाठी सेवा निवडताना करारातील बारीक अक्षरे वाचावीत. पूर्वनियोजित देखभालीचा काळ अनेकदा हिशेबातून वगळलेला असतो आणि भरपाई बहुधा पुढील देयकातील सवलतीपुरतीच मिळते. बुडालेल्या कामाचे मोल त्यात धरलेले नसते. म्हणून मुदतीच्या कामांसाठी पर्यायी मार्ग आधीच ठरवून ठेवणे श्रेयस्कर.