पिलूं कीं जाणतें कुत्रें?

नांदेडहून लातूरकडे येणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यांत, माळेगांव आहे. तेथील खंडोबाच्या यात्रेंत घोडे, उंट आणि गाढवें यांचा मोठा बाजार भरतो, हें आपणांस ठाऊक असेलच. त्याच यात्रेंत घोड्यांच्या जोडीनें कुत्र्यांचेंहि प्रदर्शन असतें. गेल्या खेपेस तेथें लातूरच्या एका स्नेह्यांनीं मला गांठलें. त्यांच्या मुलांनीं रस्त्यावरचें एक पिलूं घरीं आणण्याचा हट्ट धरला होता. आणि त्याच गल्लींत एक जाणतें, बेवारशी कुत्रें वर्षभर त्यांच्या पायरीशीं निजत होतें. “दोहोंपैकीं कोणतें घरांत घ्यावें?” असा त्यांचा प्रश्न. मग उत्तरहि त्यांनींच देऊन टाकलें : “घ्यावें तर पिलूंच, मोठें कुत्रें कांहीं लळा लावीत नाहीं.”

हा समज आला कोठून, याचा मीं थोडा शोध घेतला.

मराठवाड्यांत लांब तोंडाची, बारीक कमरेची, कारवानी नांवाची शिकारी जात आहे. तांड्यांबरोबर हिंडणारी म्हणून कारवानी, अशी त्या नांवाची उपपत्ति सांगतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनीं हिची जोपासना केली, आणि मालोजीरावांनीं पंचम जॉर्ज बादशहास या जातीच्या पिलांची जोडी नजर केली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढें २०१६ सालीं मुधोळहून लष्कराच्या मेरठ येथील केंद्रांत शिक्षणासाठीं गेलीं, तींहि पिलेंच. धनगरहि पिलूंच निवडतो. तें मेंढरांत वाढलें तरच मेंढरांचें होतें. ज्याला काम शिकवावयाचें तें कोवळेपणींच हातीं घ्यावें, ही कामकरी लोकांची रीत, आणि ती त्यांच्यापुरती योग्यच होती. शहरांतील गृहस्थांनीं रीत तेवढी उचलली, कारण मागेंच राहिलें.

शास्त्रहि प्रथमदर्शनीं याच बाजूचें वाटतें. अमेरिकेंत फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनीं १९६१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच कुंपणाच्या शेतांत पिलें माणसांपासून दूर वाढविलीं, आणि निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसांच्या सहवासांत आणलीं. ज्यांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस भेटलाच नाहीं, तीं जवळजवळ रानटीच राहिलीं. हा दाखला देऊन कित्येक जण म्हणतात, “पाहा, वय निघून गेलें कीं संपलें!” पण येथें मोठी गफलत होते. तीं पिलें माणसांवांचून वाढलेलीं होतीं. आपल्या गल्लींतलें कुत्रें डोळे उघडल्यापासून माणसांचे पाय, मुलांचा गलका आणि सायकलच्या घंटा यांतच वाढतें. माणसाची ओळख करून घेण्याचें वय त्यानें आपल्या दारांतच काढलेलें असतें. आपण त्याला ओळखत नव्हतों, एवढेंच.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. पश्चिम बंगालमधील संशोधकांनीं रस्त्यावरच्या ३६४ पिलांचा माग ठेवला व २०१६ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वयांत येईपर्यंत जगलीं तीं शेंकडा १९. म्हणजे पायरीशीं निजणारें तें जाणतें कुत्रें पांचांतलें उरलेलें एक आहे. शिवाय १९७८ च्या सुमारास पार्व्हो नांवाचा नवा रोग जगभर पसरला. तो मुख्यतः पिलांनाच नेतो. आमच्याच घरीं मुलांनीं आणलेलें पिलूं नवव्या दिवशीं गेलें. लस टोंचून घ्यावयाची, हें आम्हांला तें गेल्यावर सुचलें. मुलांनीं दोन दिवस पानावर बसावयास नकार दिला.

म्हणून पिलूं घेऊंच नये काय? तसें नव्हे. घरीं दिवसभर माणूस असेल, रात्रीं उठण्याची आणि चावलेल्या चपला सोसण्याची तयारी असेल, तर अवश्य घ्यावें. मात्र तें आईपासून लवकर तोडूं नये. आठ आठवड्यांच्या आंतलें पिलूं विकण्यास २०१७ च्या नियमांनीं बंदीच केली आहे. परंतु जेथें नवराबायको दोघेंहि कामावर जातात, त्या घरास जाणतें कुत्रें बरें. त्याचा स्वभाव लपलेला नसतो. चारआठ दिवस पाहावें : खातांना कोणी जवळ गेलें तर तें गुरगुरतें कीं सरकून जागा देतें? मूल धांवत आलें तर कसें उभें राहतें? अशी परीक्षा पिलाची घेतां येत नाहीं. मग रेबीजची लस आणि नसबंदी करून, कांहीं दिवस दार उघडें ठेवून, त्याच्या कलानें आंत घ्यावें.

आणि आपल्या जुन्या गोष्टी तरी पाहा. माहूरच्या दत्तात्रेयांच्या पायांशीं चितारलेलीं चारी कुत्रीं जाणतींच आहेत. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागें धांवले, तें कोणाचेंहि पाळीव नव्हतें. धर्मराजाच्या मागोमाग गेलेल्या कुत्र्याला तर त्यानें लहानपणीं दूध पाजल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं.

लातूरच्या स्नेह्यांना मीं हें सर्व सांगितलें. ते म्हणाले, “पण मुलांचें काय?” मीं म्हटलें, मुलांनाच त्याचें नांव ठेवूं द्या. पुढें त्यांचें पत्र आलें. मुलांनीं नांव ठेवलें ‘काका’, कारण तें घरांतल्या सर्वांआधीं झोपतें. उंबऱ्याच्या आंत यावयास त्यानें सतरा दिवस घेतले.