एकतिसावा सामना : रोम, १९६० आणि हरण्याची सवय



व्याख्यान सुरू व्हायच्या आधी इथं बाहेर चहा घेत होतो. तिथं दोन-तीन पोरं उभी होती. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, तुम्ही हॉकीवर बोलणार म्हणे. इथं सूरजागडच्या पट्ट्यात हॉकी खेळतं कोण? आमच्याकडं व्हॉलीबॉल, नाहीतर कबड्डी." दुसरा म्हणाला, "आमची टीम या वर्षी सगळ्या मॅच जिंकत होती. मागच्या आठवड्यात एक हरलो. आता गावातले लोक मॅच बघायलाच येत नाहीत."

पहिल्याच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. दुसरा जे बोलला, तोच आजचा विषय. सतत जिंकणारा संघ पहिल्यांदा हरतो तेव्हा त्याच्या चाहत्यांचं काय होतं? ही गोष्ट आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर एकदा घडलेली आहे.

तारीख होती ९ सप्टेंबर १९६०. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम चार महिने झाले होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, हा सगळा भाग चांदा जिल्ह्यात होता. त्या दिवशी रोममध्ये ऑलिंपिकच्या हॉकीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानच्या नसीर बुंदानं पहिल्या अर्ध्या डावात एक गोल केला. तो शेवटपर्यंत फिटला नाही आणि भारत १-० असा हरला.

एका गोलानं हरलो, त्यात एवढं काय? तर हिशेब बघा. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये भारत पहिल्यांदा ऑलिंपिक हॉकी खेळला. ५ सामने, २९ गोल, आणि आपल्यावर एकही नाही. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये २ सामने, त्यातला अमेरिकेविरुद्धचा २४-१. १९३६ बर्लिन ५ सामने, १९४८ लंडन ५, १९५२ हेलसिंकी ३, १९५६ मेलबर्न ५. रोममध्ये अंतिम फेरीआधी आणखी ५. बेरीज करा, ३० होतात. ऑलिंपिकमधले तीसच्या तीस सामने जिंकले आणि एकतिसावा हरला. १९२८ मध्ये जन्मलेलं मूल १९६० मध्ये बत्तीस वर्षांचं, लेकुरवाळं झालेलं होतं. ऑलिंपिकमध्ये आपला हॉकी संघ हरतो, हे त्या माणसानं आयुष्यात ऐकलेलंच नव्हतं.

आता तो चाहता डोळ्यांसमोर आणा. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ मध्ये. म्हणजे या ३० विजयांपैकी एकही त्यानं पाहिलेला नाही. त्याच्यापर्यंत पोचत होतं ते रेडिओवरचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं एकच वाक्य : भारत जिंकला. खेळ दिसत नव्हता, निकाल तेवढा कळत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

ज्याला खेळ दिसत होता, त्याला मात्र हा पराभव दुरून येताना दिसला असता. मेलबर्नला भारतानं ३८ गोल केले, एकही घेतला नाही, पण पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना सुटला फक्त १-० असा. १९५८ मध्ये टोकियोच्या आशियाई स्पर्धेत हॉकी पहिल्यांदा आली. तिथं भारत-पाकिस्तान सामना ०-० बरोबरीत राहिला आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्ण पाकिस्तानला गेलं. रोममध्ये उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियावर १-०, उपांत्य फेरीत ब्रिटनवर १-०. चोवीस गोलांचे दिवस केव्हाच संपले होते. पण "जिंकलो" या एका शब्दात २४-१ पण मावतं आणि १-० पण मावतं. ओळीनं जिंकत गेल्याचा हाच मोठा तोटा. घसरण त्या शब्दात दिसत नाही.

या संघाला हरणं ठाऊकच नव्हतं असं मात्र नाही. बर्लिन ऑलिंपिकच्या आधी, १७ जुलै १९३६ ला, जर्मनीच्या संघाशी सरावाचा सामना झाला. ध्यानचंद कर्णधार. भारत ४-१ असा हरला. सरावाचा सामना, त्याची नोंद ऑलिंपिकच्या हिशेबात नाही. पण ध्यानचंदांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की त्या रात्री बहुतेकांना झोप लागली नाही, काहींनी जेवणही सोडलं. मग त्यांनी काय केलं? आपल्यात उणीव कुठं आहे ते पाहिलं आणि भारतात निरोप धाडून अली इक्तिदार शाह दारा या खेळाडूला बोलावून घेतलं. तो विमानानं आला, उपांत्य सामन्याच्या वेळेपर्यंत पोचला. १५ ऑगस्ट १९३६ ला त्याच जर्मनीला भारतानं अंतिम सामन्यात ८-१ नं हरवलं. त्या सामन्याआधीही पराभवाची आठवण मनात टोचत होती, आणि तेव्हा पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढून सगळ्यांना वंदन करायला लावलं, असंही त्यांनी लिहिलंय.

या गोष्टीचं एक टोक पुढं कुठं जातं बघा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला हाच दारा पाकिस्तानचा कर्णधार होता. मध्ये फाळणी झाली होती. म्हणजे रोममध्ये आपल्याला हरवणारा संघ परका नव्हता. एकाच तालमीतले पैलवान, आखाडे तेवढे दोन झाले होते.

रोमहून भारताला किती पदकं मिळाली? एक. हॉकीतलं हे रौप्यपदक, बास. तीनच दिवस आधी, ६ सप्टेंबरला, मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले होते. त्यांच्या चौथ्या क्रमांकाचं लोकांना दुःख झालं, पण अभिमानही वाटला, आजही वाटतो. आणि हॉकीच्या दुसऱ्या क्रमांकाची? त्याची आठवण राहिली ती नामुष्की म्हणून. कर्णधार लेस्ली क्लॉडियस यांच्याकडं आधीच तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं होती, हे चौथं पदक. जगात अशी माणसं बोटावर मोजण्याइतकी. तरीही "ज्याच्या हातून गेलं तो कर्णधार" हा शिक्का त्यांच्या नावामागे राहिलाच. ज्याला वर्षानुवर्षं पुरणपोळी मिळाली, त्याला भाकर हा अपमान वाटतो, तसं हे झालं.

चार वर्षांनी टोकियोत भारतानं पाकिस्तानला १-० नं हरवून सुवर्ण परत आणलं. गोलरक्षक तेच, रोममध्ये होते ते शंकर लक्ष्मण. वाटलं, जखम भरली. पण १९६८ ला कांस्य, १९७२ ला कांस्य. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. तेव्हा सगळा दोष चाहत्यांच्या माथी मारणं बरोबर नाही. मैदान बदललं, आणि ते नवं मैदान आपल्या पोरांना सरावाला मिळत नव्हतं, ही खरी अडचण होती.

पण चाहते हरायला शिकले नव्हते, त्याची किंमत एका माणसानं मोजली. २६ ऑगस्ट १९८२ ला आपला गडचिरोली जिल्हा झाला. त्याच वर्षी १ डिसेंबरला दिल्लीत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि पाकिस्ताननं भारताला ७-१ नं हरवलं. या वेळी लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप झाला. पुरावा काहीच नाही. पण लोकांना सात गोलांचं कारण हवं होतं, आणि बचावफळी, डावपेच, तयारी यांच्यापेक्षा एक माणूस सापडणं सोपं असतं. नेगी कित्येक वर्षं खेळापासून दूर राहिले. १९९८ मध्ये भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या संघाच्या गोलरक्षकांना तयार करणारे तेच होते.

आणि त्याच १९८२ च्या स्पर्धेत भारताच्या महिला हॉकी संघानं सुवर्णपदक जिंकलं होतं! कर्णधार एलायझा नेल्सन, आपल्या पुण्याच्या. आता इथं कितीजणांना हे माहीत होतं, हात वर करा. ... बघा. सात गोल सगळ्यांना पाठ आहेत. पराभवाच्या रागात आपल्याला आपलाच विजय दिसला नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडं येतो. इथं हॉकी कोण खेळतं? इथं नसेल, पण इथल्यासारख्याच रानात खेळतात. १९२८ च्या त्या पहिल्या संघाचे कर्णधार होते जयपाल सिंग मुंडा, खुंटीजवळच्या टाकरा गावचे आदिवासी. पुढं हेच संविधान सभेत आदिवासींच्या हक्कांसाठी बोलायला उभे राहिले. झारखंडचं सिमडेगा, ओडिशाचं सुंदरगढ, तिथं मिशनच्या शाळांमधून हॉकी रुजली. आपल्याकडं ती तशी आली नाही, एवढाच फरक. पोरं बांबूच्या काठ्या घेऊन खेळतात. तिथं खस्सी सामने होतात. खस्सी म्हणजे बोकड. जिंकणाऱ्या संघाला बोकड मिळतो.

आता विचार करा, तिथला चाहता हरला तर काय होतं? बोकड शेजारच्या गावात शिजतो, वास इकडं येतो, दोन दिवस चिडवाचिडवी होते. पुढच्या सामन्याला पुन्हा सगळे मैदानावर. त्यानं हरणं शंभरदा पाहिलंय, कुणाचा पाय घसरला, कुणाचा पास चुकला हे डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्याला गुन्हेगार शोधावा लागत नाही. याच मातीतून मायकेल किंडो आले, दिलीप तिर्की आले. आपल्या खडकीचंही तसंच. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिका जोडून खेळणाऱ्यांतून धनराज पिल्ले उभा राहिला. देशाचा संघ हरत होता त्या वर्षांत या मैदानांवर पोरं खेळतच होती. २०२१ मध्ये टोकियोत, ४१ वर्षांनी, हॉकीचं ऑलिंपिक पदक आलं. कांस्य. आणि त्या कांस्यपदकासाठी लोक आनंदानं रडले. साठ साली रौप्यपदकानं मान खाली घालणारा देश तो हाच. मधल्या काळात आपण हरायला शिकलो होतो.

म्हणून त्या व्हॉलीबॉलवाल्या पोराला सांगतो. गावातले लोक येईनासे झाले, कारण ते विजय बघायला येत होते. त्यांच्यावर रागावू नको. साठ साली अख्खा देश तसाच वागला. तू पुढच्या सामन्याला जा, आणि मागचा का हरलो ते आपसात नीट बोला, बर्लिनमध्ये ध्यानचंदांच्या संघानं पाहिलं तसं. आणि बाकी मंडळी, तुम्ही इथलेच आहात ना? मग पुढचा सामना कधी आहे, तेवढं त्याला जाता जाता विचारून घ्या.