मिलानच्या दोन बहिणी

श्रीगणेश चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्या उत्सवात विद्या आणि कला एकाच मांडवात बसतात. या निमित्ताने आम्हाला इटलीतील मिलान शहरातले एक घर आठवते. तिथे थोरली बहीण विद्येची उपासक होती आणि धाकटी कलेची.

रेशीम व्यापारातून श्रीमंत झालेल्या आन्येसी घराण्यात १७१८ मध्ये मारिया गाएताना आणि १७२० मध्ये मारिया तेरेसा जन्मली. वडील पिएत्रो घरी विद्वानांच्या बैठका भरवीत. थोरली लॅटिन भाषेत वादविवाद करी. धाकटी हार्प्सिकॉर्ड वाजवी आणि गाई. हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे वाद्य. पट्टी दाबली की आतली तार छेडली जाते. १७३९ मध्ये शार्ल द ब्रोस हा फ्रेंच प्रवासी या बैठकीला आला, तेव्हा अठरा वर्षांच्या तेरेसाने त्याला रामोच्या रचना ऐकवल्या आणि स्वतःच्याही.

पुढे तिची कला घराबाहेर पडली. १७४७ मध्ये मिलानच्या राजेशाही नाट्यगृहात तिची पहिली मोठी रचना सादर झाली, तर १७५३ मध्ये तिथेच ‘चिरो इन आर्मेनिया’ हा ऑपेरा. ऑपेरा म्हणजे संवादसुद्धा गाऊन म्हणायचे नाटक. त्या काळी एका स्त्रीने ऑपेरा रचावा आणि तो अशा रंगमंचावर व्हावा, ही दुर्मीळ गोष्ट होती.

१७५२ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी तेरेसाचे पिनोत्तिनी यांच्याशी लग्न झाले. पतीच्या निधनानंतर मात्र तिला गरिबीत दिवस काढावे लागले. १७९५ मध्ये मिलानमध्येच तिने देह ठेवला.

थोरलीचा गणिताचा ग्रंथ १७४८ मध्ये छापून निघाला. त्यातील एक वक्ररेषा आजही आन्येसीच्या नावाने ओळखली जाते. धाकटीच्या बहुतेक रचना हस्तलिखितातच राहिल्या आणि तिचे नाव मागे पडले. गुणात ती कमी होती, असे आम्हाला वाटत नाही. एकीचे काम छापले गेले, दुसरीचे राहून गेले, एवढाच फरक.

आपल्या घरांतही आजीच्या ओव्या, आत्याने चाल लावलेली पदे जुन्या वह्यांत पडून असतील. पिढ्यान्‌पिढ्या आपण इथे राहिलो, भाषा जपली. त्या वह्याही जपायला हव्यात. पुढच्या वर्षी या स्मरणिकेसाठी त्यांतले एखादे पान अवश्य द्या, आणि खाली तिचे नाव लिहायला विसरू नका.