किनाऱ्यावरचा कर्णा

रेडिओ खेड्यात आला, पण नुसत्या पेटीने काम भागले नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी कळलेले आहे. 1956 साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या 150 गावांत ‘रेडिओ फार्म फोरम’चा प्रयोग केला. संध्याकाळी मंडळी जमत, कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत वाद घालत आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे धाडत. खरी शेती त्या वादातच व्हायची म्हणा ना!

चाळीसएक वर्षांनी हाच धडा संगणकाच्या बाबतीत पुन्हा गिरवला गेला. तो आपल्याकडे नव्हे, तर पाँडिचेरीजवळच्या तमिळ खेड्यांत.

पाँडिचेरी 1954 पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होती. आजूबाजूला भातशेती आणि कोळ्यांची गावे. शेतीशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी 1988 साली चेन्नईला एक संशोधन-संस्था काढली होती. फायदा कमावणारी नव्हे, सेवाभावी. या संस्थेने 1998 मध्ये कॅनडातील एका विकास-संस्थेच्या मदतीने विलियनूर या गावी मुख्य ठाणे केले आणि भोवतालच्या गावांत माहिती-केंद्रे उघडली.

आता गंमत पाहा. आधी संगणक नेऊन ठेवले आणि मग त्यांचे काय करायचे ते शोधले, असे झाले नाही. आधी गावाला विचारले, तुम्हांला काय कळायला हवे? उत्तरे साधी होती. भाताचा भाव, सरकारी योजना कोणाला लागू, दवाखान्यात डॉक्टर केव्हा असतात. गावाने जागा द्यायची, संस्थेने यंत्रे द्यायची, असा करार. आणि एक अट होती : केंद्रात सर्व जातींच्या माणसांना मोकळा प्रवेश हवा. माझ्या मते ही अट संगणकापेक्षाही मोठी. एंबलम गावी केंद्र देवळाच्या आवारात होते आणि ते गावच्या बायकाच चालवीत. टेलिफोनच्या तारांचा भरवसा नव्हता म्हणून ठाण्याहून गावांकडे मजकूर बिनतारी यंत्रावरून जाई. विजेचाही लपंडाव असल्याने सूर्यशक्तीची पाटी छपरावर बसवली.

वीरांपट्टिणम हे कोळ्यांचे गाव. त्यांचा प्रश्न एकच, उद्या समुद्र कसा असेल? लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकेच्या नौदलाच्या संकेतस्थळावर मिळे. विलियनूरला बसलेला माणूस तो उतरवून घेई, तमिळमध्ये सांगे आणि गावात तो कर्ण्यावरून मोठ्याने ऐकवला जाई. होडी लोटणाऱ्या कोळ्याला पडदा वाचत बसायला सवड कुठली? त्याच्यापर्यंतची शेवटची शंभर पावले कर्ण्यानेच चालायची.

असाच कर्णा नल्लवाडू या दुसऱ्या कोळी गावातही होता. 26 डिसेंबर 2004 चा रविवार. सुमात्राजवळ समुद्रतळाशी प्रचंड भूकंप झालेला. आपल्या देशाला त्सुनामीची सूचना देणारे स्वतःचे केंद्र तेव्हा नव्हते. हैदराबादचे केंद्र 2007 साली सुरू झाले. नल्लवाडूचा एक तरुण सिंगापूरला नोकरीला होता. पूर्वी तो याच केंद्रात स्वयंसेवक होता. तिकडे बातमी कळताच त्याने घरी फोन लावला. घरचे म्हणाले, समुद्राचे पाणी आत येऊ लागले आहे. त्याने सांगितले, घर सोडा आणि गावाला जागे करा. लोक केंद्राकडे धावले. दार बंद होते, ते फोडले. कर्ण्यावरून हाका सुरू झाल्या. भोंगाही वाजवला.

लक्षात घ्या, त्या सकाळी संगणकाने काहीच सांगितले नव्हते. सांगितले ते फोनवरच्या माणसाने. पण त्या कर्ण्यावर रोज खरे तेच ऐकू येते, हे सहा वर्षांत या गावांच्या अंगवळणी पडले होते. म्हणून हाक ऐकल्यावर कोणी ‘कशावरून?’ असे विचारत थांबला नाही. बायका, मुले, म्हातारीकोतारी, सगळे गाव किनाऱ्यापासून दूर निघाले. गावची वस्ती साडेतीन हजारांहून अधिक. लाटेने सुमारे 150 घरे आणि 200 होड्या नेल्या. माणूस मात्र एकही गेला नाही.