एल्सबरीची बदके आणि त्यांचा निवारा

बदकाला तळे हवे, हे कुणालाही सांगावे लागत नाही. पण बदके पाळणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जास्त डोके चालवले ते रात्रीच्या निवाऱ्यासाठी. अंधार पडला की कोंबडी उंच दांडीवर चढून बसते. बदकाचा मुक्काम जमिनीवरच असतो. मस्कोव्ही ही जात सोडली, तर जगातली सगळी पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून आली आहेत. मॅलार्डची मादी बहुधा जमिनीवर, गवताच्या आडोशाला घरटे करते आणि संकट आले की उडून जाते. माणसाने या पाखराला अंगाने भरवले, जड केले, तसे त्याचे उडणे जवळपास संपले. जमिनीवर बसण्याची खोड मात्र राहिली. त्यामुळे कोल्हा, मुंगूस, बोका, घूस यांच्यापुढे पाळीव बदक अगदी उघडे पडते. रात्री त्याला कोरड्या जागेत कोंडून घेणे, हाच त्याच्या सुरक्षिततेचा पाया आहे.

या विषयावरचे सविस्तर जुने लेखन प्राचीन रोमचे आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वारो याने शेतीवरील आपल्या ग्रंथात बदकांच्या कोंडवाड्याची माहिती दिली. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला याने ती बरीच वाढवली. कोलुमेला मूळचा स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिसचा. त्याचा शेतीवरचा ग्रंथ बारा भागांचा आहे आणि आठव्या भागात पाळीव पाखरांचा विचार आहे. बदकांच्या जागेभोवती पंधरा फूट उंचीची भिंत घालावी, असे तो सांगतो. भिंतीला आतून-बाहेरून गुळगुळीत गिलावा हवा, म्हणजे मांजरासारख्या चढणाऱ्या जनावराच्या नख्यांना पकड मिळणार नाही. वरून जाळी ताणायची. तिने दोन कामे होतात: आतली बदके उडून जात नाहीत आणि वरून गरुड-ससाणे झडप घालत नाहीत. मध्ये दोन फूट खोलीचे तळे, त्याचे काठ उतरते, काठालगत हिरवळ आणि भिंतीच्या कडेने दगडी घरटी. एकेक घरटे फूटभर लांब-रुंद, वरून झाकलेले, आणि दोन घरट्यांच्या मध्ये झुडूप. दलदलीतून रानबदकांची अंडी आणून ती कोंबडीखाली उबवावीत, म्हणजे पिले माणसाळलेली निघतात, असेही तो लिहितो. भिंतीच्या गिलाव्यापर्यंत विचार करणाऱ्या या माणसाने चढून येणारा शत्रू आणि उडून येणारा शत्रू असे दोघेही नीट ओळखले होते. मात्र त्याची रचना जमीनदाराच्या मळ्यासाठी होती. ज्याच्याकडे भिंत घालायला दगड नाही आणि तळे खोदायला जागा नाही, त्याने बदके कुठे ठेवावीत, हा प्रश्न तिथे येत नाही.

त्या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर इंग्लंडमधल्या एका गावाने दिले. लंडनच्या वायव्येला सुमारे पासष्ट किलोमीटरवर बकिंगहॅमशर परगण्यात एल्सबरी आहे. भोवतालचा प्रदेश चिकणमातीचा, ओढ्या-डबक्यांचा. अठराव्या शतकात इथली पांढरी बदके नावाजली गेली. पांढऱ्या पिसांना रजया-गाद्यांसाठी मागणी होती आणि या बदकाचे मांसही चवदार मानले जाई. पांढरे शुभ्र अंग, मांसल गुलाबी चोच, नारिंगी पाय आणि जमिनीला टेकेल की काय असे वाटायला लावणारा खोल छातीचा कणा, ही या जातीची ओळख झाली. चोचीचा गुलाबी रंग टिकावा म्हणून जवळच्या गावांतली वाळू-खडी पिलांच्या पाण्याच्या भांड्यात घालत.

हा धंदा दोन हातांत विभागलेला होता. आसपासच्या खेड्यांत अंड्यांसाठी नर-मादीचे कळप पाळणारे वेगळे आणि ती अंडी विकत घेऊन पिले वाढवणारे वेगळे. या दुसऱ्यांना तिथे डकर म्हणत. कळप पाळणाऱ्यांची बदके दिवसा गावच्या तळ्यावर मोकळी असत. एकाच तळ्यात अनेक घरांची बदके पोहत, म्हणून ओळखीसाठी त्यांच्या अंगावर रंगाची खूण केलेली असे. दिवस मावळला की खुणेप्रमाणे कळप वेगळे होत आणि आपापल्या मालकाच्या घरी आडोशाला जात. तळे सर्वांचे आणि रात्रीची जबाबदारी ज्याची त्याची, अशी ही सोय होती. बंद दाराचा आणखी एक फायदा होता. बदक बहुतेक वेळा पहाटे अंडी घालते. सकाळी घाईने दार उघडले, तर ते अंडे तळ्यात किंवा गवतात जाते. दिवस वर येईपर्यंत कोंडून ठेवले, तर पेंढ्यातच सापडते.

डकर लोकांची वस्ती एल्सबरीच्या एका गरीब भागात होती आणि त्या भागाचे नावच डक एंड पडले होते. घरे लहान, गटारे उघडी, अंगण जेमतेम. पिलांसाठी वेगळी जागा नव्हतीच. धंद्याची वेळही अवघड होती. लंडनच्या बाजारात बदकाच्या पिलाला सर्वांत चांगला भाव वसंताच्या सुरुवातीला मिळे. तेव्हा शिकारीच्या पाखरांचा हंगाम संपलेला असे आणि कोंबडीची नवी पिले अजून बाजारात आलेली नसत. तो भाव गाठायचा तर ऐन हिवाळ्यात अंडी उबवावी लागत. इंग्लंडच्या हिवाळ्यात नुकत्याच फुटलेल्या पिलाला ऊब मिळेल अशी गरिबाच्या घरात एकच जागा होती, ती म्हणजे चुलीजवळची खोली.

एल्सबरी बदकी स्वतः अंड्यांवर नीट बसत नसे, म्हणून खुडूक कोंबड्या आणल्या जात. अठ्ठावीस दिवस अंडी कोंबडीखाली राहत. शेवटच्या आठवड्यात त्यांवर कोमट पाणी शिंपडत, म्हणजे कवच मऊ होऊन पिलाला बाहेर येणे सोपे जाई. या बैठकीची व्यवस्था कशी असे, ते १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघालेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापन-ग्रंथात आले आहे. राहत्या खोलीच्या आणि निजण्याच्या खोलीच्याही भिंतींना लाकडी पेट्यांच्या ओळी लावलेल्या, प्रत्येकीत सुके गवत घातलेले आणि त्यात अंडी. ज्या घरात माणसांनाच पाठ टेकायला जागा अपुरी, तिथल्या भिंती पाखरांना दिलेल्या होत्या. बदकांच्या घरबांधणीच्या इतिहासात याहून जवळचा शेजार क्वचितच सापडेल.

पिले घरात ठेवण्यामागे थंडीखेरीज आणखी एक कारण होते. बदकीच्या पोटाखाली वाढणाऱ्या पिलाच्या लवेला आईच्या अंगावरचे तेल लागते आणि ते पाण्यात उतरले तरी सहसा चिंब होत नाही. कोंबडीखाली फुटलेल्या पिलाला हे तेल मिळत नाही. असे पिलू लवकर पाण्यात सोडले की भिजते, गारठते आणि मरते. म्हणून बाजारासाठी वाढवायची पिले तळ्यापासून दूर, कोरड्या पेंढ्यावर ठेवली जात. सुरुवातीला उकडून बारीक केलेले अंडे, भिजवलेला पाव आणि शिजवलेला भात. थोडी मोठी झाली की बार्लीची भरड आणि चरबी वितळवून उरलेला चोथा. सहा ते आठ आठवड्यांत, मोठ्या पाखराची पिसे फुटण्याआधी, ती विकायला तयार होत. कापण्यापूर्वी बहुधा एकदाच त्यांना पाण्यात सोडत, तेही पिसे स्वच्छ व्हावीत म्हणून. पिसे काढण्याचे काम मुख्यतः घरातल्या बायकांकडे असे आणि ती पिसेही वेगळी विकली जात.

या सगळ्याला चालना मिळाली आगगाडीने. पूर्वी कळप पायीच लंडनकडे हाकत नेत. लांबच्या वाटेत पाय फाटू नयेत म्हणून बदकांना आधी पातळ डांबरातून आणि मग लाकडाच्या भुशातून चालवत, असे या भागात सांगतात. १८३९ मध्ये एल्सबरीला रेल्वेचा फाटा आला आणि संध्याकाळी पेट्यांत भरलेली पिले सकाळी लंडनच्या बाजारात पोहोचू लागली. वसंतात एकेका रात्री टनभर पिले गाडीत चढत, अशा नोंदी त्या काळच्या लेखनात आहेत. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पाळीव पाखरांचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा एल्सबरी किंवा इतर पांढऱ्या बदकांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला होता.

या भरभराटीची किंमत घरातल्या माणसांनी मोजली, हे विसरता येत नाही. चुलीजवळची जागा, अंथरुणाशेजारची भिंत आणि रात्रीची झोप हे सगळे पिलांच्या वाट्याला गेले. शेकडो पिलांची विष्ठा, ओला पेंढा, शिजणारा चोथा, अंगणातले उघडे गटार. डक एंडची दुर्गंधी सर्वत्र माहीत होती. बदकाची घाण कोंबडीपेक्षा पातळ असते आणि चोच धुण्याच्या सवयीमुळे ते पाणी चहूकडे सांडते. तेव्हा कोरडे अंथरूण टिकवायचे म्हणजे रोज पेंढा बदलणे आले. पाण्याचे भांडे चोच आणि नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे, पण ते पेंढ्यापासून दूर हवे, हे आजचे साधे पथ्यही एका खोलीच्या घरात पाळणे कठीण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा संसार मोडत गेला. १८७० च्या दशकात चीनमधून पेकिन जातीची बदके अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आली. ती काटक होती आणि त्यांना वाढवायला खर्च कमी येई. दुसरीकडे एल्सबरी बदकांची पैदास प्रदर्शनातल्या बक्षिसांसाठी होऊ लागली. छातीचा कणा इतका खोल झाला की पाखरांची प्रजननक्षमता घटली. अंडी उबवणारी यंत्रे आल्यावर खुडूक कोंबडी आणि चुलीजवळची पेटी यांची गरज उरली नाही. गावातल्या वस्तीच्या स्वच्छतेकडे सरकारचे लक्ष जाऊ लागले आणि धंदा गावाबाहेरच्या शेतांवर सरकला. पहिल्या महायुद्धात खाद्य महागले, तेव्हा उरलेले छोटे पाळणारेही थांबले. एल्सबरीच्या गावचिन्हावर बदक आजही आहे. शुद्ध एल्सबरी जातीचे कळप मात्र ब्रिटनमध्ये बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

धंदा ओसरत असतानाच घरगुती बदक वेगळ्या रूपाने रुजत होते. ग्लॉस्टरशरमध्ये ॲडेल कॅम्पबेल यांनी घरच्या गरजेपुरती अंडी देणारे बदक तयार करायला घेतले. त्यांनी इंडियन रनर, रूआं आणि मॅलार्ड यांचा संकर केला आणि त्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी खाकी कॅम्पबेल ही जात नावारूपाला आली. १९०८ मध्ये बीट्रिक्स पॉटर यांची जेमायमा पडलडक ही बालकथा निघाली. तिच्यातली बदकी एल्सबरी जातीची आहे. तिची अंडी कोंबडीखाली उबवली जातात, याचे तिला दुःख आहे, आणि स्वतः अंडी उबवण्यासाठी ती आडरानात जाते ती थेट कोल्ह्याच्या तावडीत. शेतकरी खुडूक कोंबडी का वापरत आणि बदकाला उघड्यावर बसू का देत नसत, ही दोन्ही कारणे त्या छोट्या गोष्टीत आली आहेत. परसातल्या चार-सहा बदकांसाठी आता लाकडी खोके पुरे झाले: जमिनीलगत रुंद दार, चढायला उतरती फळी, वरच्या बाजूला हवा खेळायला झरोके आणि त्यांना घूस शिरणार नाही इतकी बारीक जाळी. ज्यांच्याकडे तळे होते त्यांनी पाण्याच्या मधोमध बेटावर किंवा तराफ्यावर घरटी बसवली, कारण कोल्हा सहसा पोहत जाऊन शिकार करत नाही.

केरळच्या कुट्टनाडमध्ये नेमकी उलटी रीत आहे. तिथे बदक घरात येत नाही. माणूस बदकामागे जातो. भाताची कापणी झाली की हजारोंचे कळप एका खाचरातून दुसऱ्यात हाकले जातात. सांडलेले दाणे, गोगलगायी, किडे हे त्यांचे खाद्य. रात्री कोरड्या जागेवर जाळीचे कुंपण उभे करून कळप आत घेतात आणि राखणदार शेजारीच मुक्काम करतात. भिंतीऐवजी माणसाची जाग, असा हा निवारा आहे. कोल्ह्या-कुत्र्यांपासून तो पुरतो, पण २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आलप्पुळा आणि कोट्टयम जिल्ह्यांत बर्ड फ्लूचा विषाणू बदकांत शिरला, तेव्हा त्यापुढे या निवाऱ्याचे काही चालले नाही आणि मोठ्या प्रमाणावर पाखरे मारावी लागली.

या रोगाने निवाऱ्याचा अर्थ बदलला आहे. आता भीती रानबदकाचीच आहे. ते विषाणू घेऊन येते, पुष्कळदा स्वतः आजारी दिसत नाही, आणि त्याच्या विष्ठेने तळे, गवत, खाद्य सगळे दूषित होते. ब्रिटनमध्ये २०२१ च्या २९ नोव्हेंबरपासून पाळीव पाखरे बंदिस्त जागेत ठेवणे सक्तीचे झाले. परसात हौसेने दोन बदके पाळणाऱ्यालाही तो आदेश लागू होता आणि पुढच्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये तो पुन्हा काढावा लागला. तळे झाकणे, खाद्य छपराखाली देणे, रानपाखरे आत येणार नाहीत अशी जाळी लावणे, आत जाताना पादत्राणे निर्जंतुक करणे ही कामे घरगुती पाळणाऱ्याच्या दिनक्रमात आली. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एकच बदक पाळले तरी त्याची सरकारी नोंद करणे बंधनकारक आहे, म्हणजे साथ आली की जवळच्या प्रत्येक पाळणाऱ्यापर्यंत सूचना पोहोचवता येते.